दिघे भाऊजींचं ‘धरलंय का?’

शेजारचे दिघे भाऊजी घरात आले की बसत नाहीत, आधी नखानं भिंत खरवडतात. भिंतीला जे काही चिकटवलेलं असेल ते, मग आरशामागचा कागद असो नाहीतर मोरीतली टाइल. कडेला नख घालून उचकटून बघतात आणि विचारतात, "धरलंय का?" नसेल तर खिशातून ट्यूब काढतात. सगळी हयात धाटावच्या एका कंपनीत गोंद तपासण्यात गेली. बायको वारल्यावर पेणचं घर सोडून इथे अष्टमी गावात आमच्या शेजारी आले, तरी माणूस अजून शिफ्टवरच आहे. माझ्या दारावरच्या गणपतीच्या स्टिकरचा कान त्यांनीच तपासून तपासून काढला.

मागच्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. आळीतल्या बाया आल्या, रडल्या, चहा पिऊन गेल्या. भाऊजी आले ते शिकवायला. मी बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. त्यांनी परातीतला एक वाल उचलला आणि म्हणाले, ही पेशी समजा. हिच्या अंगावर हात असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. चांगली पेशी अशा हातांनी शेजारणीला धरून राहते, सुटली की मरते. कॅन्सरची पेशी बेशरम. सुटली तरी मरत नाही, रक्तातून हिंडते आणि दुसरीकडे जाऊन चिकटते. काही गाठींत तर पेशीच्या अंगावर एका जातीचे हात नको तितके उगवतात आणि आत निरोप धाडत राहतात, जग, वाढ. त्या हातांनाच जाऊन धरणारी औषधाची सुई आता मिळते. पण हात असले तर. माझ्या गाठीचा तुकडा मुंबईला गेला होता तो हेच बघायला.

एवढं सांगेपर्यंत हातातल्या वालाचा त्यांनी लगदा केला होता. मी म्हटलं, दुसरा उचलू नका.

रिपोर्ट आला. मुलानं मोबाइलवर वाचला, पॉझिटिव्ह. दारात उभ्या भाऊजींनी ऐकलं आणि ते तडक निघून गेले. करोनापासून आमच्याकडे पॉझिटिव्ह म्हटलं की घर रडायला बसतं. सून बसली. मी पाटल्या कुणाला द्यायच्या ते मनात ठरवून टाकलं. तासाभरानं शेजारीण पेढा खात दारात आली. दिघे भाऊजी आळीत पेढे वाटत होते. माझ्या कॅन्सरचे.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. "लाज नाय वाटत? मी मरतेय नि तुम्ही पेढे वाटताय?"

"मरताय कशाला, वहिनी? पॉझिटिव्ह म्हणजे हात हायत तुमच्या गाठीला. सुई धरेल." त्यांनी डबा पुढे केला. मग खाली बघत म्हणाले, "आमच्या हिच्या गाठीला नव्हते. सुई धरणार कशाला?"

त्यांची बायको कशानं गेली हे मी कधी विचारलं नव्हतं. मी भिंतीवरच्या आरशाकडे बघितलं. पेणहून आणलेला जुना आरसा. कोपऱ्यात मरून रंगाची एक टिकली, एका बाजूनं सुटलेली. खाली फळीवर गोंदाच्या ट्यूबा रांगेनं. मला वाटलं, चला, आज यांचीच चूक सापडली.

"ही नाय धरलेली," म्हणत मी नख पुढे केलं.

भाऊजींनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या. चिकटवायची तर आधी काढायला लागेल."

मी हात मागे घेतला. डब्यातला पेढा तिथेच बसून खाल्ला. साखर जास्त होती, तसं त्यांना सांगितलं.