रुखवतातली लिफ्ट

कोंडीरामच्या धाकट्या लेकीचं, पूर्णिमाचं लग्न ज्या वर्षी झालं, ते दोन हजार तेरा साल. लग्न फेब्रुवारीत येरवड्याला झालं आणि जेवणापेक्षा रुखवताचीच चर्चा जास्त झाली.

"रुखवत कसं असावं ते अख्ख्या पुण्याने माझ्याकडून शिकावं!" असं कोंडीराम महिनाभर आधीच बायकोला, शालनला, सांगून बसला होता. आणि खोटं नव्हतं ते! लोकांच्या रुखवतात लोकरीचे ससे आणि साखरेचे बंगले असतात. कोंडीरामच्या रुखवतात चार मजली इमारत, आणि तिच्यात वर-खाली जाणारी लिफ्ट! जावई शंभू हिंजवडीला आयटी कंपनीत. त्याला काय कापसाची बैलगाडी देणार? बाजूची मूठ फिरवली की नवरा-नवरीच्या बाहुल्या करकर करत चौथ्या मजल्यावर जायच्या. वऱ्हाडातली पोरंसोरं सोडाच, भन्तेजींनीसुद्धा एकदा मूठ फिरवून बघितली!

ही लिफ्ट आली कुठून? कोंडीराम एका सरकारी कार्यालयात शिपाई. तिथला एक धिप्पाड प्रिंटर, छापताना पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा, तो आठ वर्षांपूर्वी कायमचा गप्प झाला. रंगराव हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, ते वैतागून म्हणाले, "कोंडीराम, हे धूड जिन्याखालून ने एकदाचं!" कोंडीरामने सायकलवर लादलं आणि घरी नेलं. खोलून बघतो तर आत पट्टा, दांडी, दातेरी चाकं! छापायचं डोकं दांडीवरून आडवं पळायचं. प्रिंटर उभा केला तर तेच वर-खाली पळू लागलं. टाकाऊतून टिकाऊ!

लग्नाला महिना झाला नाही, तोच मार्च उजाडला आणि कार्यालयाला नवा प्रिंटर मंजूर झाला. पण त्याच्या अटी मुलगी बघायला आलेल्यांच्या वर! प्रिंटर पर्यावरणपूरक हवा. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापणारा हवा. काम नसलं की आपोआप झोपी जाणारा हवा. ("ही सोय आपल्याकडे पहिल्यापासून आहे," कार्यालयाचे मोठे साहेब भाऊसाहेबांकडे बघत म्हणाले.) आणि शेवटची अट अशी, की जुना प्रिंटर पुरवठादाराने परत न्यायचा, मोडून त्याचा माल पुन्हा वापरात आणायचा आणि तसा दाखला द्यायचा. जुना अखंड हजर नाही, तर नवा नाही! मुदत एकतीस मार्च!

भाऊसाहेबांनी डेड स्टॉकची, म्हणजे कार्यालयातल्या सामानसुमानाची वही काढली. एक जुना प्रिंटर अजून वहीत जिवंत होता.

"कोंडीराम, तो प्रिंटर कुठाय?"

"भाऊसाहेब, तुम्हीच ने म्हणालात."

"मी जिन्याखालून ने म्हणालो. घरी ने म्हणालो का?"

"मग कुठे न्यायचा होता?"

"ते तू विचारायला हवं होतंस. आठ वर्षांपूर्वी." भाऊसाहेबांनी वही मिटली. "मे महिन्यात निवृत्त होतोयस ना? जाताना सत्काराचा नारळ हवाय की खातेचौकशी?"

पस्तीस वर्षांत एक लाल रेघ नव्हती कोंडीरामच्या नावावर!

शालनने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "जा मग. विहीणबाईंना सांगा, रुखवतातली वस्तू परत द्या, सरकारला मोडायची आहे. हळद अजून उतरली नाही पोरीची! आयुष्यभर टोमणे खाईल ती. ते कुठल्या वहीत लिहिणार तुमचे भाऊसाहेब?"

तरी कोंडीराम रविवारी धायरीला गेला. सिंहगड रोडभर त्याने बोलायचं वाक्य घोकलं, आणि दारात चप्पल काढताना ते चपलेबरोबर बाहेरच राहिलं.

"जय भीम, पाव्हणं! या, या!" विहीणबाई, म्हणजे विमलाबाई, लगबगीने उठल्या. लिफ्ट टीव्हीच्या पुढ्यात मांडलेली. टीव्ही मागे झाकलेला! शेजारच्या दोघीतिघी समोर बसलेल्या. "ह्ये आमच्या सुनंचे वडील. शिपाई हायत म्हनायला, पन डोकं इंजिनेराचं!"

पूर्णिमा स्वयंपाकघराच्या दारातून हसत होती. लग्नानंतर एवढी खूश पोर तो पहिल्यांदाच बघत होता. आता कुठल्या तोंडाने बोलायचं?

"विहीणबाई, लिफ्टला जरा तेल घालायला न्यावी म्हणतो."

"त्याल? आमच्यात काय त्याल न्हाई व्हय?" विमलाबाईंनी खोबरेलाची बाटली आणून पुढ्यात आदळली.

"तसं नाही... म्हणजे... सरकारला बघायची आहे ती."

"सरकारला!" शेजारणी पुढे सरकल्या. "बक्षीस हाय का काय?"

कोंडीराम हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. नुसता खोकला. आणि तो खोकला संध्याकाळपर्यंत धायरीभर "हो" होऊन फिरला!

"तुमी न्यायची न्हाई. माझी वस्तू मीच आणनार!" विमलाबाईंनी बजावलं.

अठ्ठावीस मार्चला कार्यालयासमोर टेम्पो थांबला. आधी उतरल्या विमलाबाई, लग्नातल्या साडीत. मग पूर्णिमा. मग चार शेजारणी. आणि शेवटी, दोघांच्या खांद्यावर, मंडईतून आणलेला झेंडूचा हार घातलेली इमारत! कोंडीरामला वाटलं, फरशी फाटावी आणि आपण तळमजल्यावर जावं. पण ते कार्यालयच तळमजल्यावर होतं.

पुरवठादाराचा माणूस काटा घेऊन बसलेला. त्याने इमारत काट्यावर ठेवली, हार बाजूला काढला आणि म्हणाला, "ठीक आहे. कारखान्यात तुकडे होतील."

"आगं बया! बक्षीस देताना तुकडं करत्यात?"

आता खोकून भागणार नव्हतं. कोंडीराम हात जोडून उभा राहिला. "विहीणबाई, मी खोटं बोललो. बक्षीस नाही. हा ऑफिसचा जुना प्रिंटर आहे, आणि परत नाही दिला तर माझी चौकशी लागेल. दोष माझा, पोरीचा नाही. तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं."

पूर्णिमाने मान खाली घातली. शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. विमलाबाई भाऊसाहेबांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर मटकन बसल्या आणि खाली बघत राहिल्या.

तेवढ्यात तो माणूस इमारतीच्या पाठीवरची पत्री पाटी वाचून म्हणाला, "साहेब, नंबर जुळत नाही. तुमच्या वहीतला प्रिंटर हा नव्हे."

"जुळत नाही?" भाऊसाहेब गरजले. "कोंडीराम! म्हणजे दोन नेलेस तू?"

"भाऊसाहेब," विमलाबाई शांतपणे म्हणाल्या, "पाय उचला."

"काय?"

"माझ्या व्याह्यावर आळ घेताय न्हवं? आदी पाय उचला."

भाऊसाहेबांनी पाय उचलले. टेबलाखाली, जुन्या पडद्याच्या कापडात अर्धवट गुंडाळलेलं, वर पायांचे दोन मळकट ठसे उमटलेलं काहीतरी होतं. विमलाबाईंनी वाकून कापड ओढलं. आत तसाच दुसरा धिप्पाड प्रिंटर! महिनाभर सकाळ-संध्याकाळ ज्याचं तोंड पुसलं, ते त्या विसरतील होय!

"ह्ये आमच्या लिफ्टीचं भावंड दिसतंय," त्या म्हणाल्या.

नंबर जुळला. वही पुन्हा उघडली, चार पानं मागे उलटली. कोंडीरामने नेलेला प्रिंटर आठ वर्षांपूर्वीच लाल शाईने रीतसर कमी केलेला होता, खाली सही खुद्द भाऊसाहेबांची! मोठे साहेब दारात उभे होते. "रंगराव, पर्यावरणाची आपल्याइतकी काळजी कोणी घेतली नसेल," ते म्हणाले. "कचरा बाहेर जाऊच दिला नाही."

टेम्पो धायरीला निघाला. कोंडीराम मागे इमारत धरून बसला. राजाराम पूल गेला, वडगाव गेलं. घरापाशी उतरल्यावर गल्लीतल्या बाया धावत आल्या. "काय झालं वो? मिळालं का?"

कोंडीरामने डोळे मिटले.

"मिळालं की!" विमलाबाई म्हणाल्या. "दुसरा नंबर आला." बरोबर आलेल्या चारही शेजारणींनी माना डोलावल्या.

बाया आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "विहीणबाई, कशाला हो?"

"मग काय, पयला सांगू?" त्या फणकारल्या. "खोटं बोलायला बी काय मर्यादा हाय का न्हाई, पाव्हणं?"

मे महिन्यात कोंडीरामला नारळ मिळाला. विमलाबाई दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये, चार दिवसांच्या तापाने गेल्या; तोपर्यंत आल्यागेल्याला त्या लिफ्टचा दुसरा नंबरच सांगत होत्या.