शांतवनमामांच्या खोलीत कोण?

शांतवन याकोब रणदिवे, वय एकाहत्तर, एसटीचे निवृत्त कंडक्टर, राहणार सोलापूर, यांच्यावर गेल्या रविवारी सकाळी साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना अन्याय झाला. चर्चची उपासना नुकतीच सुटली होती. पंच कमिटीच्या सेक्रेटरींनी पवित्र भूमीच्या, म्हणजे यरुशलेम-बेथलेहेमच्या, सहलीची यादी फळ्यावर लावली. आणि एकतिसाव्या नावावर निळ्या पेनाने आडवी रेघ मारली. तीही माणूस फळ्यासमोर उभा असताना. मी शेजारीच होते, म्हणून वेळ सांगू शकते.

रेघ कुणावर मारली ते आता ऐका.

शांतवनमामा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतात. ते माझ्या आईचे लांबचे भाऊ लागतात, पण त्यांना मामा सगळं चर्चच म्हणतं. पाळकसाहेबांचा शेवटचा आमेन झाला, की मामा बोटाच्या पेराने बाकावर दोनदा ठोकतात. डबल बेल. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हाताला लागलेली सवय. आत्ताचे पाळकसाहेब नवीन आले तेव्हा दचकायचे. आता ते ठोके पडल्याशिवाय जागचे हलत नाहीत.

त्यांच्या बायबलच्या मागच्या नकाशांवर पेन्सिलीने बारीक आकडे आहेत. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. मामांनी अख्खं पवित्र शास्त्र टप्प्यांत मोजून ठेवलंय. यरुशलेम ते बेथलेहेम दीड टप्पा, पण तिकीट दोनचं लागणार. यरुशलेम ते यरीहो पाच टप्पे, म्हणजे आपल्या अक्कलकोटपेक्षा दोन कमी, आणि सगळा उतार, ड्रायव्हर जपून घ्यायला पाहिजे. नाताळच्या नाटकात मरीया झालेली पोरगी नासरेथहून निघाली आणि चार पावलांत बेथलेहेमला पोचली, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाय, वीस टप्पे हायती. जरा दमल्यावाणी तरी कर की."

योना हा त्यांचा खास प्रवासी. देवाने पाठवलं निनवेला आणि हा बसला तार्शीशच्या जहाजात. चुकीच्या गाडीत बसणाऱ्यांचा मामांना मनस्वी राग आहे. तरी योनाला ते सगळा दोष देत नाहीत. "भाडं दिलं हुतं त्यानं. तसं लिहिलंय. फुकट्या न्हवता."

खरा राग मात्र लूकच्या दुसऱ्या अध्यायावर. सणाहून परतताना बारा वर्षांचा येशू यरुशलेमातच राहिला, आणि सोबतची मंडळी एक दिवसाची वाट चालून गेली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. हा भाग वाचला, की मामा आठवडाभर धुमसतात. एवढी माणसं, आणि निघताना कुणी डोकी मोजली नाहीत म्हणजे काय? आपल्या सहलीत असं होऊ नये म्हणून त्यांनी अर्जातच लिहून दिलं होतं, की प्रत्येक ठिकाणी गाडी सुटण्याआधी माणसं मोजायचं काम मी करीन. दुसरं काही नको. खिडकीसुद्धा नको.

अशा माणसाला वगळलं. कारण काय, तर हॉटेलात एका खोलीत दोघं. एकतीस जणांत पंधरा जोड्या लागल्या आणि मामा उरले. डोकी मोजणारा माणूसच मोजणीत बसला नाही. तिघांची खोली मिळत नाही म्हणतात, एकट्याची परवडत नाही, आणि मामांसोबत जोडी लावायला एकही पुरुष तयार झाला नाही, म्हणून उरले ते मामाच. मामा फळ्याकडे बघून सेक्रेटरींना एवढंच म्हणाले, "जागा नसंल तर उभ्यानं येतो की." लोक हसले. मी हसले नाही.

मी चिंचोळी एमआयडीसीच्या गेटवर कामगारांची पत्रकं वाटते. दोन तासांत मजकूर लिहायचा आणि संध्याकाळी छापायचा, ही माझी पद्धत. घरी जाऊन लिहिलं: 'एका ज्येष्ठ नागरिकाच्या श्रद्धेवर रेघ! कमिटी उत्तर द्या!' खाली तीन मागण्या, जाहीर निषेध, सगळं. पण छापण्याआधी समोरच्या बाजूचं म्हणणं ऐकायचं, हाही माझा नियम आहे. म्हणून फिलिपसरांकडे गेले. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी चर्चच्या शिबिरात मामांच्या खोलीत तेच होते, आणि नको म्हणणाऱ्यांत पहिला आवाज त्यांचाच होता.

फिलिपसर ओशाळले. म्हणाले, घोरणं असतं तर सहन केलं असतं. रणदिवे झोपेत गाडीचे थांबे पुकारतात. थांबे नाही, एकच थांबा. 'करकंब. करकंब कोण हाय?' असं विचारतात, गप्प होतात, जरा वेळाने पुन्हा विचारतात. पहाटेपर्यंत.

"एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, नाही कुणी," सर म्हणाले. "तर त्यानंतर जास्तच विचारायला लागले."

मी तशीच मामांकडे गेले. दुपार होती. मामा जमिनीवर बसून जुन्या लाल चादरीच्या पट्ट्या फाडत होते. विमानतळावर आपल्या बॅगा ओळखू याव्यात म्हणून प्रत्येक बॅगेला एक. मी विचारलं, तुम्ही तर जात नाही. ते म्हणाले, म्हणून का लोकांच्या बॅगा हरवू द्यायच्या? तीस पट्ट्या झाल्या होत्या. एकतिसावी त्यांनी फाडली नव्हती.

पत्रक वाचायला दिलं. त्यांनी 'ज्येष्ठ'मधली माझी चूक दाखवली आणि कागद परत दिला. लोकांची झोपमोड होते हे खोटं नाही, त्यात निषेध कसला, म्हणाले. मी भांडणाच्या भरात होते. फिलिपसर काय म्हणाले ते सगळं सांगून टाकलं, करकंबसकट.

पट्ट्या आवरता आवरता मामांचा हात थांबला. आपण झोपेत बोलतो हे त्यांना माहीत होतं. काय बोलतो ते आता सांगायला घरात कुणी नव्हतं. त्यांना वाटायचं, आता सगळेच थांबे पुकारत असू, सोलापूरपासून.

मग त्यांनी सांगितलं. सगुणामामी करकंबच्या. लग्नाआधी त्या सोलापुरात नर्सिंग शिकायला होत्या आणि दर शनिवारी मामांच्या गाडीने गावी जायच्या. आठवडाभराच्या ड्युट्या करून दमलेल्या असायच्या, गाडी शहराबाहेर पडायच्या आत झोपायच्या. करकंब आलं, की मामांना पुकारावं लागायचं, आणि त्या डोळे न उघडताच 'हाय की' म्हणायच्या. लग्न झालं, नोकरी संपली, तरी झोपेत मामा पुकारायचे आणि शेजारच्या उशीवरून तेच उत्तर यायचं. सकाळी चहा देताना मामी म्हणायच्या, रात्री परत मला माहेरी उतरवत होतात. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

"ती हुती तवा एकदाच वरडायचो," मामा म्हणाले. "ती हाय की म्हणायची. मग गाडी पुढं जायची."

आणि एकतिसावी पट्टी फाडायला घेतली. फाटत नव्हती. मी दुसरं टोक धरलं.

ते पत्रक मी छापलं नाही. त्यातल्या तिन्ही मागण्या मागे घेतल्या आहेत. आता मागणी एकच, आणि ती कमिटीकडे नाही, तुमच्याकडे आहे. सहलीचे फॉर्म येत्या रविवारपर्यंत घेणार आहेत. बत्तिसावा माणूस मिळाला, की रेघ पुसली जाईल, असं सेक्रेटरींनी माझ्यासमोर कबूल केलंय. मी माझंच नाव दिलं होतं. त्यांनी चष्म्यावरून बघत, तू बाईमाणूस आहेस याची आठवण करून दिली. तेव्हा हे काम तुम्हालाच करायचं आहे. तुम्ही पुरुष असाल आणि पासपोर्ट असेल, तर या. दुसऱ्या चर्चचे असाल, कुठल्याच चर्चचे नसाल, तरी या. कमिटीशी काय ते मी बघते. नाव लिहा. आणि तिथे रात्री करकंबची हाक आली, की दिवा लावू नका, त्यांना उठवू नका. कूस बदला आणि 'हाय की' एवढं म्हणा.