हेमचंद्ररावांच्या पोटाची मोजणी

"बाबा, पोट आत घेऊ नका हो. सगळं हलतंय."

"मी कुठं घेतोय? तेच घाबरून आत चाललंय," हेमचंद्रराव दिवाणावर उताणे पडून म्हणाले.

रविवारची दुपार होती. उमाताईंनी केलेली वरणबट्टी पोटात होती आणि त्याच पोटावर सावनी मार्कर घेऊन वाकली होती. हेमचंद्रराव भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दी आखायच्या, भावाभावांची भांडणं ऐकायची, यात त्यांची तीस वर्षं गेलेली. स्वतःची मोजणी मात्र आज पहिल्यांदाच होत होती. छातीखालून सरळ उभी एक पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा आणि प्रत्येक तुकड्यावर स्नायूचं इंग्रजी नाव.

आता हे नसते उद्योग कशापायी, तर लेकीपायी. सावनी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होती आणि शरीररचनेच्या प्रॅक्टिकलला नापास झाली होती. तेही पोटाच्या स्नायूंवर. पोटाच्या बाजूला एकावर एक असे दोन तिरपे स्नायू असतात, एक बाहेरचा, एक आतला. सावनी दर वेळी एकाच्या जागी दुसरा सांगायची. निकालानंतर पोरगी दोन दिवस जेवली नाही. फेरपरीक्षा सोमवारी दुपारी एक वाजता होती, आणि या वेळी गेली तर अख्खं वर्ष पाण्यात! बापाचा जीव तुटणार नाही तर काय? "घे, माझं पोट घे. घरचंच आहे," असं म्हणून त्यांनी शर्ट वर केला होता.

नकाशा पुरा झाला. सावनीनं ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं. पुसलं, घासलं, साबण लावला. रेघ जागची हलेना.

"सावने, पेन कुठला घेतला होतास?"

"माझी अंगावर काढायची पेन्सिल सापडेना म्हणून फ्रिजवरचा घेतला."

आतून उमाताई धावत आल्या. "अगं, तो माझा लोणच्याच्या बरण्यांवर तारीख घालायचा! गेल्या उन्हाळ्याची तारीख अजून गेली नाही बरणीवरची!"

मग बेसन झालं, खोबरेल झालं, लिंबू झालं. हेमचंद्ररावांचं पोट टोमॅटोसारखं लाल झालं आणि त्यावर काळी अक्षरं आणखीच उठून दिसायला लागली. शेवटी शेजारच्या मुबारकभाईंना बोलावलं. मुबारकभाई पडेगावात गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचे, त्यामुळं रंगाच्या बाबतीत गल्लीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी चष्मा लावून पोट डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"अक्षर लई भारी हाय पोरीचं," ते म्हणाले. "पण हे पक्का है हेमूभाई. थिनर से जाईंगा, मगर चमडी भी साथ में जाईंगी. आठ दिन ठहरो."

"जाऊ द्या," हेमचंद्ररावांनी बटणं लावली. "शर्टाच्या आत कोण बघायला येतंय?"

"उद्या वेरूळ आहे," उमाताई म्हणाल्या.

उद्या सकाळी सावनीच्या नावानं घृष्णेश्वराला अभिषेक करायचं ठरलं होतं, आणि तिथं गाभाऱ्यात जायचं तर पुरुषानं कमरेच्या वर उघडं व्हायचं, हा शिरस्ता.

"पुढच्या सोमवारी गेलो तर?"

"मागच्या परीक्षेलाही हेच म्हणालात! पिशोरची मोजणी आहे म्हणालात. केली ना मोजणी? झाली ना पोरगी नापास?" उमाताईंचा आवाज चढला. "तुम्हाला तुमच्या पोटाची लाज मोठी का लेकीचं वर्ष मोठं?"

असल्या प्रश्नाला नवऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं, स्कूटरला किक मारायची असते. सोमवारी सकाळी सात वाजता हेमचंद्ररावांनी तेच केलं.

रांगेत शर्ट काढला तेव्हा उमाताईंनी दिलेलं उपरणं त्यांनी पोटाला घट्ट धरलं होतं. पण अभिषेकाच्या तांब्याला दोन्ही हात लागतात. ते पिंडीपाशी वाकले आणि उपरणं सर्रकन खाली आलं. मंत्र म्हणता म्हणता गुरुजींची नजर पोटावर गेली आणि तीच ओळ त्यांनी तीनदा म्हटली.

गाभाऱ्याबाहेर आले तर समोर पिशोरचे काकासाहेब उभे! ज्यांची जमीन मागच्या परीक्षेच्या दिवशी मोजली, तेच.

"आरं, मोजणीवालं सायेब! व्हय ओ सायेब, पोटावर कुणाचा नकाशा काढलाय? आमचा तर नाय ना?"

"नाही हो, काकासाहेब. तब्येतीचं आहे."

"आसं व्हय. मला वाटलं, हापिसात कागद संपले."

काकासाहेब हसत गेले. तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. चष्मा लावलेले, किडकिडीत, उघडेबंब असे एक गृहस्थ हेमचंद्ररावांच्या पोटाकडं टक लावून बघत होते.

"माफ करा, पण हे कुणी काढलंय?"

लेकीचं नाव चारचौघांत कशाला घ्या, म्हणून हेमचंद्रराव पटकन बोलून गेले, "डॉक्टरांनी. ऑपरेशन आहे ना माझं."

गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, पळून जा! त्या डॉक्टरला धड नावं माहीत नाहीत. हे दोन स्नायू उलटे लिहिलेत. बाहेरच्याला आतला म्हटलंय आणि आतल्याला बाहेरचा!"

"काय सांगता?"

"हे बघा. पँटच्या खिशात हात घाला. बोटं कशी तिरपी खाली जातात? बाहेरच्या स्नायूचे धागे तसे जातात. आतल्याचे बरोब्बर उलटे. पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा येतं हो हे. कृपा करा, त्या माणसाला पोटाला हात लावू देऊ नका."

तीस वर्षं सातबारे बघितलेल्या माणसाला हे समजायला कितीसा वेळ लागतो! शेजारशेजारच्या दोन तुकड्यांवर मालकांची नावं उलटी पडली होती, एवढीच तर गोष्ट. हेमचंद्ररावांनी गृहस्थांचे दोन्ही हात धरले, आभार मानले आणि शर्टाची बटणं वरखाली लावत बाहेर येऊन फोन केला.

"सावनी, फेरफार चुकलाय! खिशात हात घालून बघ. तसा जातो तो बाहेरचा."

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला. मग किंकाळी. "अय्या, बाबा! खरंच की! मी वर्षभर उलटंच पाठ केलं!"

हेमचंद्रराव घरी आले, चहा घेतला आणि पाय पसरून बसले. साडेबाराला पुन्हा फोन वाजला. सावनी रडत होती.

"बाबा, मंदारदादाला कंपनीतनं सोडत नाहीयेत. स्नायू दाखवायला मॉडेल आपलं आपणच आणायचं असतं. तुम्ही या ना!"

मंदार म्हणजे बजाजनगरचा पुतण्या. रोज जिमला जाणारा. त्याच्या पोटावरचे स्नायू रस्त्यावरून मोजून घ्यावेत असे. त्याच्या जागी आता हे! पण लेकीचा रडका आवाज ऐकल्यावर बापाला पोट आठवतं थोडंच? स्कूटर सुसाट निघाली. हेमचंद्रराव धापा टाकत वर्गात शिरले, सांगितलेल्या टेबलावर आडवे झाले आणि डोळे मिटून शर्ट वर केला.

वर्गात खसखस पिकली. त्यांनी एक डोळा उघडला. सावनीनं तोंडावर हात धरला होता. घाईत तीही विसरलीच होती.

"कॉपी!" कॉलेजच्या मॅडम ओरडल्या. "सर, बघा! सगळी उत्तरं मॉडेलच्या पोटावर लिहून आणलीत!"

बाहेरगावाहून आलेले परीक्षक डॉ. कंधारकर वहीतून मान वर करून जवळ आले. त्यांनी पोट पाहिलं. मग चेहरा पाहिला. हेमचंद्ररावांनी तो डोळाही मिटून घेतला, कारण सकाळचा उघडाबंब माणूस आता कोट घालून समोर उभा होता.

मेलो, त्यांच्या मनात आलं. पोरीचं वर्ष माझ्या पोटानं खाल्लं.

"थांबा, मॅडम," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "काय गं, बाहेरचा तिरपा स्नायू दाखव."

अक्षरांकडं न बघता सावनीनं बोट खिशाच्या दिशेनं तिरपं खाली नेलं. "हा, सर. आणि आतला याच्या उलटा. इथं नावं चुकीची लिहिलीत."

"मॅडम, पोटावर लिहिलंय ते चूक आणि पोरगी सांगतेय ते बरोबर. मग कॉपी कशाची केली?" ते सावनीकडं वळले. "मधला उभा स्नायू दाखव बरं. काका, जरा मान उचला."

हेमचंद्ररावांनी सगळं बळ लावून मान उचलली. मधल्या स्नायूचं नखही दिसेना.

"लेणी असतील आत," डॉक्टर म्हणाले, "पण वर डोंगर फार आहे. राहू द्या."

सावनीनं तो चाचपून बरोबर दाखवला. मग त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले, तिनं चारही सांगितले.

"मागच्या वेळी याच स्नायूंवर गेलीस ना? मग बरोबर कधी कळलं?"

"आज सकाळी, सर. बाबांना देवळात एक गृहस्थ भेटले. त्यांनी सांगितलं."

डॉ. कंधारकरांना जोराचा ठसका लागला.

"कोण हो ते?" मॅडमनी संशयानं विचारलं.

"असेल कुणीतरी सज्जन माणूस," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी वहीत मार्क लिहून टाकले.

हेमचंद्रराव टेबलावरून उतरून बटणं लावायला लागले. डॉक्टर त्यांच्या कानाशी वाकले. "आणि काका, तुमचं ते ऑपरेशन?"

"नाही करत, सर," हेमचंद्रराव खालमानेनं म्हणाले. "तुम्हीच म्हणालात ना, त्या डॉक्टरला हात लावू देऊ नका."

डॉक्टरांनी एकदा सावनीकडं पाहिलं आणि वही मिटली.

"आता लावू द्यायला हरकत नाही."