दाराकडे तोंड

भिकाजीभाऊ कधी दाराकडे पाठ करून बसत नाही. लग्नाची पंगत असो, दवाखाना असो की पोराच्या शाळेतली सभा असो. आधी दार कुठे आहे ते पाहील, मग भिंत शोधील, भिंतीला पाठ लावील आणि मगच खाली टेकेल. एका लग्नात यजमानानं त्याला हाताला धरून नेमकं दार पाठीमागे येईल असं बसवलं. भाऊ ताट घेऊन उठला आणि आचाऱ्यांच्या मागे, चुलीजवळच्या भिंतीला टेकून जेवला. घामानं चिंब झाला, पण जागा सोडली नाही.

"कोन येऊन राह्यलं जी तुमाले माराले?" मी विचारलं.

"सांगता येत नाई, वयनी. दारातून कोन येईन, सांगता येत नाई."

वाशीमच्या बाहेर, आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. मागे वांग्या-मेथीची वाडी. त्याला दुश्मन म्हणाल तर वांग्यावरची अळी, दुसरा कोणी नाही. हे खूळ पुस्तकांतून आलं. अमेरिकेतल्या बंदूकवाल्या घोडेस्वारांची ती पातळ पातळ मराठी पुस्तकं. वर एक टोपीवाला माणूस, उन्हात डोळे बारीक करून उभा. कारंज्याला बियाणं आणायला गेला की भाऊ स्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडून पिशवीभर आणायचा. पानं सुटली की त्याची बायको चंद्रभागा गोधडीच्या सुईनं शिवून द्यायची. तिला वाचता येत नव्हतं. त्या टोपीवाल्याला ती 'तो घोडेवाला' म्हणायची, जसा काही वरच्या गल्लीतलाच आहे.

मी चौथी शिकलेली. माझे मालक वारल्यावर दिवस सरत नव्हता, म्हणून तीन पुस्तकं मीही वाचली. तिन्हींत एकच. धुळीनं भरलेलं गाव, तिथे एक गुंड, आणि कुठून तरी आलेला हा घोडेवाला. त्याला कोणी विचारत नाही की तू कोणाचा, शेती किती, लग्न झालं का. त्या गावात एकही बाई भांडी घासत नाही. घोड्याला चारा कोण टाकतं तेही लिहिलेलं नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो माणूस बोलतो एकदाच, आणि समोरचा ऐकतो. रोज बाजारात पन्नास बायांना तोच भाव सांगणाऱ्या माणसाला हे वाचून काय सुख होत असेल, ते मला तिसऱ्या पुस्तकात कळलं.

भाऊनं बाजारातही तेच करून पाहिलं. तोंडात ज्वारीच्या धांड्याची काडी, डोळे बारीक. भाव एकदा सांगायचा, मग गप्प. बाई म्हणे, "काही कमी करा ना भाऊ." भाऊ नुसता बघे. बाई घाबरून दुसरीकडे जाई. मग चंद्रभागा मागून ओरडे, "अवं ये वं बाई! थो बिमार नाई, तसाच हाय. घे मेथी!"

त्याचं आणखी एक पालुपद होतं. "पहिला वार आपला नाई." घोडेवाला म्हणे आधी बंदूक काढत नाही. समोरच्यानं काढली की मग. एका सकाळी वाडीत रोही शिरला, घोड्याएवढी नीलगाय. भाऊ गोफणीत दगड घालून त्याच्यासमोर उभा राहिला. रोही बघतोय, भाऊ बघतोय. मी भिंतीवरून दोघांना बघतेय. रोह्यानं खाली मान घातली आणि फुलकोबीची एक ओळ संपवली. मग दुसरी. शेवटी चंद्रभागा तेलाचा डबा बडवत आली तेव्हा तो पळाला.

"काहून नाई मारला?" ती म्हणाली.

"त्यानं काई केलंच नाई."

"कोबी कोन खाल्ली मंग, म्या?"

फक्त स्वतःच्या घरात भाऊ दाराकडे पाठ करून जेवायचा. समोर चंद्रभागा बसायची, तिचं तोंड दाराकडे. मी एकदा टोकलं, तर म्हणाला, "पुस्तकात बी तसंच हाय. भरोशाचं मानूस समोर असलं त पाठ करता येते. तिकडं थे पाह्यते."

"मी पाह्यतो ना बाप्पा," चंद्रभागा म्हणाली. "कुत्रं आलं तरी सांगतो."

मागच्या वर्षी चंद्रभागा गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, घरी परत आली नाही. त्यानंतर भाऊ स्वतःच्या घरातही भिंतीला टेकून, ताट मांडीवर घेऊन, दाराकडे बघत जेवायला लागला. येणारं कोणी नव्हतं. तरी बघायचा.

उन्हाळ्यात पुण्याहून त्याचा पोरगा संतोष आला. पोरगा चांगला आहे. म्हणाला, वाडी बटईनं देऊ, बाबाला घेऊन जातो, इथे एकटं कोण बघणार. भाऊची पिशवी भरली. भाऊ हो म्हणेना, नाही म्हणेना. मी भिंतीवरून म्हटलं, "जायाचं नसन त सांगा ना तोंडानं. पहिला वार त पोरानं केला."

"पोरावर वार नाई करत, वयनी."

मला राग आला. माणसानं पुस्तकं वाचावीत, पण इतकी नाही.

निघायच्या दिवशी दोघांना माझ्याकडे जेवायला बोलावलं. भाऊची खोड माहीत, म्हणून त्यांची ताटं भिंतीला लावून मांडली. मी समोर, दुसऱ्या भिंतीला. मधे भाकरीची टोपली, बाजूला उघडं दार. भाऊ आला. दार पाहिलं, भिंत पाहिली. मग ताट उचललं, दाराजवळ नेऊन ठेवलं आणि दाराकडे पाठ करून बसला.

संतोषचा घास हातातच राहिला. "बाबा, दार मांगं हाय तुमच्या."

"हाय ना."

"मंग?"

"वयनी हाय ना तिकडं पाह्याले."

संतोष माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या आईची जागा त्यालाही माहीत होती. मी दाराकडे पाहिलं.

"कोंबडी हाय," मी सांगितलं.

भाऊनं मान हलवली आणि भाकर मोडली.

संतोषनं पाणी प्यायला जरा जास्त वेळ लावला. मग म्हणाला, "मोठीमाय, भाजी वाढ." चारच्या गाडीनं तो एकटा गेला. पिशवी ठेवून गेला.

आता दुपारी भाऊ माझ्याकडेच जेवतो. भाजी त्याची, भाकर माझी. तो दाराकडे पाठ करून, मी समोर. माझं दार पश्चिमेला, जेवण लांबलं की ऊन सरळ तोंडावर येतं. दार लोटू म्हटलं तर त्याला चालत नाही. मग काय, मी बसते तशीच, डोळे बारीक करून.