ठेकेदाराला आखून दिलेली जागा

हे सगळं घडलं ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी काकूंच्या घरातला रेडिओ बंद पडला होता आणि तरीही घरात शांतता म्हणून नव्हती. रेडिओची उणीव मास्तर भरून काढत होते.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. शाळेत ते मुलांना कवायत शिकवायचे आणि खेळ घ्यायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून काकूही चारचौघांत मास्तरच म्हणायच्या. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि जगातली कुठलीही गोष्ट रांगेत उभी केली की सुधारते यावर ठाम विश्वास! स्वयंपाकघरातले डबेसुद्धा त्यांनी उंचीप्रमाणे लावून ठेवले होते. त्यामुळे साखर कुठे आणि मीठ कुठे हे काकूंना रोज झाकण उघडून, चाखून बघावं लागायचं.

"कुत्रा म्हणजे काय गं," मास्तर खाटेवर मांडी ठोकून म्हणाले, "चार पायांचा विद्यार्थी! मी दोन पायांचे सुधारले, तर हा काय चीज आहे? शिवाय हा उलट उत्तरं देत नाही."

"उत्तरं देत नाही, पण खणतो ना!" काकू म्हणाल्या.

खणतो हा शब्दही थोडाच होता. सायकलवाल्याच्या बाकाखाली कुडकुडत बसलेलं ते तपकिरी पिल्लू काकूंनीच उचलून घरी आणलं होतं. एक कान उभा, एक कान लोंबता, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण दमलेलो आहोत, आपल्याला कामाला लावू नका. आठवड्याभरात त्यानं अंगण असं करून टाकलं की दूधवाला सायकल फाटकाबाहेर लावून पायी यायला लागला. पायरीखाली खड्डा, नळाजवळ खड्डा, कपडे वाळत घालायच्या खांबापाशी तर असा खड्डा की खांब नमस्काराला वाकल्यासारखा दिसायचा. खणायचं सगळीकडे आणि बुजवायचं कुठेच नाही, म्हणून मास्तरांच्या आईंनी, म्हणजे आजींनी, त्याचं नाव ठेवलं ठेकेदार.

हे सगळं चाललं असतं, पण ठेकेदारानं घरमालकीणबाईंच्या गुलाबांना हात घातला.

घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे दिवंगत यजमान न्यायाधीश होते. ते गेले, पण न्यायदान घरात राहिलं. भाडेकरूंमध्ये त्यांना कोर्टबाई म्हणत, अर्थात त्या जिन्याच्या वरच्या टोकाला गेल्यावरच. उखडलेलं गुलाबाचं झाड हातात धरून त्या खाली आल्या आणि अंगणात उभ्या राहून त्यांनी निकाल दिला.

"मास्तर, महिनाअखेरपर्यंत मुदत देते. कुत्र्याला एक जागा आखून द्या. तिथे त्यानं पाताळापर्यंत खणावं, माझी हरकत नाही. आखून दिलेल्या जागेबाहेर एक ओरखडा जरी दिसला, तरी माझ्या भावाच्या गोदामावर त्याची रवानगी! तिथे साखळी तयार आहे."

काकूंनी ते गोदाम पाहिलं होतं. पत्र्याची शेड, बाहेर एक खुंटा आणि खुंट्याभोवती साखळीनं घासून झालेला गोल. तो गोल त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. दुपारी त्या शिवणयंत्रावर बसायच्या तेव्हा ठेकेदार त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपायचा. आता यंत्र चालवताना पाय हलतात, हनुवटी हलते, पण हा पठ्ठ्या झोपेतच वरखाली व्हायचा! असल्या प्राण्याला साखळी?

"काळजी करू नकोस," मास्तर म्हणाले. "महिना खूप झाला. पंधरवड्यात करून दाखवतो!"

दुसऱ्या दिवशी ते शाळेतून फक्कीची पिशवी घेऊन आले. फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. धुण्याच्या दगडामागचा कोपरा त्यांनी साफ केला, दोरी लावून चार बाजू मोजल्या आणि असा देखणा पांढरा चौकोन आखला की त्यात कुस्त्या लावाव्यात!

"चौकोन कशाला?" काकूंनी विचारलं. "त्याला काय सामना खेळायचाय?"

"अगं, आखल्याशिवाय शिस्त नाही!"

चौकोनात बिस्किटं पुरली, शिळा पाव पुरला, आजींची तुटकी चप्पल पुरली. पद्धत सोपी होती. ठेकेदार आत खणायला लागला की मास्तर जोरात शिट्टी मारणार आणि बिस्किट देणार. अडचण एवढीच की ठेकेदार खणेना! जन्मात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी खण म्हणत होतं, आणि त्याला त्यात काहीतरी काळंबेरं वाटत होतं. तो चौकोनाबाहेर बसून मास्तरांकडे टक लावून बघत राहिला.

शेवटी मास्तर स्वतः गुडघ्यांवर उतरले. दोन्ही हातांनी माती मागे उडवत त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. माती थेट काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर!

वरच्या गॅलरीतून आवाज आला, "मास्तर, यातला कुत्रा कोणता?"

आजी पायरीवर बसून म्हणाल्या, "लहानपणी अंगण झाडायला सांगितलं तर पोटात दुखायचं याच्या! आता बघा, विहीर काढेल."

पण चार दिवसांत ठेकेदाराच्या डोक्यात उजेड पडला. तो चौकोनात शिरला, त्यानं खणलं, शिट्टी वाजली, बिस्किट मिळालं. पुन्हा खणलं, पुन्हा शिट्टी, पुन्हा बिस्किट. मग काय विचारता! सकाळी उठला की साहेब थेट कामावर. गुलाबांकडे ढुंकून बघेना. पुसलेल्या रेघा मास्तर रोज सकाळी नव्यानं मारायचे. कोर्टबाई गॅलरीतून नुसत्या मान हलवायच्या, म्हणजे त्यांच्या मानानं टाळ्याच. शाळेच्या शिक्षकखोलीत मास्तरांची व्याख्यानं सुरू झाली.

काकूंना पहिली शंका आली ती गल्लीत. मुलींनी खडूनं रस्त्यावर चौकोन काढून उड्यांचा खेळ मांडला होता. शेजारी भुसभुशीत मातीचा ढीग होता. तिकडे ठेकेदारानं पाहिलंही नाही. तो जाऊन मुलींच्या चौकोनात उभा राहिला आणि डांबरी रस्ता नखांनी खरवडायला लागला! मुली किंचाळल्या. ठेकेदार मात्र मान वर करून शिट्टीची वाट बघत राहिला.

काकू घरी येऊन म्हणाल्या, "अहो, त्याला कोपरा कळलेला नाही. त्याला रेघ कळली आहे. पांढरी रेघ दिसली की खणायचं, एवढंच!"

"रेघ कळली म्हणजे भूमिती कळली!" मास्तर खूश झाले. "बघ, एका दगडात..."

"एका दगडात काही नाही. उद्या रेघ मारू नका. बघू या काय करतो ते."

दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतःच केरसुणीनं रेघा पुसल्या. ठेकेदार कोपऱ्यात आला, वास घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि सुटीच्या दिवशी चुकून शाळेत आलेल्या मुलासारखा मधोमध बसून राहिला. दिवसभर एक खड्डा नाही! ना तिथे, ना दुसरीकडे.

"अहो, झालं की काम!" काकू म्हणाल्या. "फक्की बंद करा. तो खणणारच नाही!"

"न खणणं म्हणजे शिक्षण नव्हे," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "परीक्षेपर्यंत सराव चालूच राहील."

आणि संध्याकाळी त्यांनी नव्या रेघा मारल्या. आधीपेक्षा जाड!

काकूंनी कपाळावर हात मारला. या माणसाला बिस्किट घालून काही शिकवता आलं असतं तर त्यांनी अख्खा डबा रिकामा केला असता.

महिनाअखेर आली आणि तिच्याबरोबर शाळेचे वार्षिक खेळही आले. त्या वर्षी पहिल्या बक्षिसाचा चषक कोर्टबाईंनी यजमानांच्या स्मरणार्थ दिला होता, आणि प्रमुख पाहुण्याही त्याच. मास्तरांच्या अंगात वारं शिरलं होतं. मैदानावर पाणी मारलं, रोलर फिरवला आणि पोतंभर फक्की ओतून त्यांनी धावपट्ट्या आखल्या, गोळाफेकीचं वर्तुळ आखलं, पाहुण्यांची चौकट आखली, मुलांनी चपला कुठे काढायच्या तेही आखलं. मैदान असं दिसत होतं की जणू कुणी वहीचं पान अंथरलंय.

काकूंनी ते फाटकातूनच पाहिलं आणि त्यांना आधी ठेकेदार आठवला. सुदैवानं ठेकेदाराला त्या स्वयंपाकघरात कोंडून आल्या होत्या. सोबतीला आजी होत्या. जाताना चारदा बजावलं होतं, "काही झालं तरी त्याला बाहेर काढू नका हं!"

शंभर मीटरची मुलं रेघेवर उभी राहिली. मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली. तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून आजी आत आल्या. नवं लुगडं, हातात छत्री, आणि छत्रीच्या मुठीला बांधलेली परकराची नाडी. नाडीच्या दुसऱ्या टोकाला ठेकेदार!

"आई! तुम्ही याला आणलंत?" काकू म्हणाल्या.

"मग? आत कोंडून रडत होता. आणि मास्तराचा सगळ्यात हुशार विद्यार्थी घरी, आणि ही बाकीची ढ पोरं मैदानात? हा कुठला न्याय?"

ठेकेदार मैदान बघून क्षणभर जागीच थिजला. आजवर त्याला धुण्याच्या दगडामागे जेमतेम एक चौकोन मिळाला होता. आणि आज हे! त्यानं एक झटका दिला. नाडी तुटली, छत्री उघडली, आजी खाली बसल्या.

तिकडे मुलांवर नजर लावलेल्या मास्तरांनी शर्यतीची शिट्टी मारली. ठेकेदाराला दुसरं काय हवं होतं? पहिल्या पट्टीत खड्डा! मास्तरांनी त्याला थांबवायला शिट्टी मारली. दुसऱ्या पट्टीत खड्डा! मास्तर त्याच्यामागे धावत शिट्टीवर शिट्टी मारायला लागले, आणि प्रत्येक शिट्टीला ठेकेदाराचे पंजे दुप्पट वेगानं फिरायला लागले. माती कारंज्यासारखी उडत होती. धावणारी मुलं उड्या मारत पुढे गेली. पहिला आलेला मुलगा शर्यत संपली तरी उड्या मारतच होता.

"अहो, शिट्टी बंद करा!" काकू ओरडत मैदानात शिरल्या. "शिट्टी म्हणजे शाब्बास! तुम्हीच शिकवलंत त्याला!"

"काय?" मास्तरांनी शिट्टी तोंडातच ठेवून विचारलं. त्या शब्दाचीसुद्धा शिट्टी झाली. गोळाफेकीच्या वर्तुळात खड्डा!

मग ठेकेदाराला पाहुण्यांची चौकट दिसली. चौकटीत टेबल, टेबलावर चषक, मागे खुर्चीत कोर्टबाई. काकूंनी झेप घेतली, पण उशीर झाला. टेबलाचा एक पाय मातीत गेला, टेबल कललं, चषक घरंगळला आणि खड्ड्यात जाऊन पडला. ठेकेदारानं तो हुंगला, बिस्किट नव्हतं म्हणून सोडून दिला, आणि मग मास्तरांसमोर जाऊन जीभ बाहेर काढून बसला. हिशेबानं त्याला बिस्किटांचं अर्धं पाकीट देणं निघत होतं.

मुख्याध्यापक घाम पुसत होते. काकूंनी ठेकेदाराला कवटाळून उचललं. त्यांना समोर दिसत होता तो गोदामाबाहेरचा खुंटा.

"बाई, माझं ऐका," त्या कशाबशा म्हणाल्या, "याची काही चूक नाही. याला जे शिकवलं तेच यानं केलं. साखळीच घालायची असेल तर..." आणि त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं की मास्तर एक पाऊल मागे सरले.

कोर्टबाई उठल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग छत्री टेकत त्या सबंध मैदानभर फिरल्या. प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत होत्या, वाकून बघत होत्या. सगळी शाळा त्यांच्या मागे मागे. मातीनं भरलेल्या चपलांनिशी त्या परत आल्या.

"मुख्याध्यापक," त्या म्हणाल्या, "रेघेबाहेर मला एकही ओरखडा सापडला नाही."

"पण बाई, मैदान..."

"माझी अट काय होती? आखून दिलेल्या जागेबाहेर खणायचं नाही. त्यानं पाळली. आता सबंध मैदान कुणी आखून दिलं, तो प्रश्न निराळा." त्या मास्तरांकडे वळल्या. "कुत्रा राहील. फक्की आणि शिट्टी मात्र आजपासून माझ्या फाटकाच्या आत दिसता कामा नयेत!"

काकूंना रडूही आलं आणि हसूही आलं. मास्तर मात्र हळूच म्हणाले, "म्हणजे पद्धत बरोबर होती!" काकूंनी ठेकेदाराला दोन्ही हातांनी आवळून धरलं, कारण मोकळा हात कुठेतरी उगारला गेला असता.

पुढे मुख्याध्यापकांनी मास्तरांना सन्मानानं भूगोल शिकवायला दिला. नकाशावर रेघा मारून कुणाचं नुकसान होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मास्तर निवृत्त होईपर्यंत भूगोलच शिकवत राहिले, आणि त्यांच्या वर्गातली मुलं नद्यासुद्धा उंचीप्रमाणे सांगायची. मुख्याध्यापक बदली घेऊन गेले ते जिथे मैदान नाही अशा शाळेत. आजी नव्वदी ओलांडून गेल्या. शेवटपर्यंत येईल त्याला सांगायच्या की त्या दिवशी खरी करमणूक झाली ती केवळ त्यांच्यामुळे. कोर्टबाईंचे गुलाब पुन्हा फुलले आणि त्यांनी काकूंचं भाडं नंतर कधीच वाढवलं नाही.

आणि ठेकेदार? त्यानं जन्मात पुन्हा एक खड्डा खणला नाही. पण त्या दिवसापासून कोर्टबाई त्याला रोज दुपारी वर बोलवायला लागल्या. वर लोणी लावलेला पाव मिळायचा आणि खुर्चीवर गादी होती. आधी तो दुपारपुरता जायचा, मग रात्रीही राहायला लागला, आणि पुढच्या वर्षी तर कायमचा मुक्काम हलवला. काकू खाली एकट्याच यंत्र चालवायच्या. कधी जिन्यात समोर आलाच, तर थांबून शेपूट हलवायचा. ओळखीच्या माणसाला हलवतात तेवढीच.