थोरल्या बाईसाहेब आकाशमार्गें निघाल्या त्याची हकीकत

श्री. उंदरावर बसून जो त्रैलोक्य फिरतो आणि ज्यास कधीं विमानाचें तिकीट काढणें पडलें नाहीं, त्या गणरायास दंडवत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं, घरच्या सरकारांतून, म्हणजे आमचे कुटुंबाकडून, सेवकास आज्ञा जाहली कीं, "काकू पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच विमानात बसणार, घाबरल्यात बिचाऱ्या. तुम्ही आईला नेलं होतंत ना? मग चार उपदेशाच्या गोष्टी लिहून द्या." आज्ञा शिरसावंद्य. उपदेश आम्हांपाशीं एकच आहे, परंतु तो ज्या हकीकतींतून निघाला ती सांगितल्यावांचून कळणार नाहीं, सबब पाठ दुखत असतां लिहितों.

तरी वर्तमान ऐसें जे, थोरल्या बाईसाहेब अनसूयाबाई, आमच्या सासूबाई, वय सत्तरीपार, यांनीं आजवर एस.टी.वांचून दुसरें वाहन मानिलें नव्हतें. त्यांच्या धाकट्या भगिनी यमुनाबाई दूर पूर्वेच्या मुलुखीं लेकाजवळ राहात होत्या, त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली, आणि त्यांनीं हट्ट धरिला कीं, "अक्का आल्याशिवाय मी त्या खोलीत जायची नाही, मग काय व्हायचं ते होऊ दे." डॉक्टरांनीं दिवस नेमून दिला होता, तो टळला तर जिवास धोका, आणि निरोप येऊन पोंचला तों मध्यें एकच दिवस उरला. आगगाडीचा रस्ता दोन दिवसांचा. मग विमानावांचून इलाज नाहीं ऐसें ठरलें. बाईसाहेबांस विमानाचें नांव काढतांच कांपरें भरे, तरी बहिणीपायीं तयार जाहल्या, आणि त्यांस पोंचविण्याची कामगिरी जावई म्हणून आम्हांवर आली. आमची रजा शिल्लक आहे कीं नाहीं, हें कोणीं पुसलें नाहीं.

मग आप्तेष्टांची मसलत भरली, आणि कोणी म्हणाले कानांत कापूस घाला, कोणी म्हणाले आवळासुपारी चघळा, कोणी म्हणाले खालीं बघूं नका, आणि एक दूरचे मामा, जे स्वतः जन्मांत कधीं विमानांत बसले नाहींत, ते म्हणाले, "काही होत नाही हो. झालंच तर सगळ्यांचं एकदम होतं." त्यावर बाईसाहेबांनीं पानावर वाढलेलें अन्न तसेंच ठेविलें. सर्वांनीं सर्व सांगितलें, परंतु बाईसाहेबांचा जो खरा नेम तो कोणाच्या ध्यानांत राहिला नाहीं, आमच्याही नाहीं. नेम ऐसा कीं, घराबाहेर पडतां कोणीं "कुठे निघालात?" म्हणून पुसलें तर अपशकुन, मग मागें फिरावें, क्षणभर बसावें, घोटभर पाणी प्यावें आणि नव्यानें निघावें. घरीं हें चालून जातें. पण विमानतळ म्हणजे काचेचा कोट, आणि त्या कोटांत पावलोपावलीं जीं माणसें पगार देऊन उभीं केलीं आहेत, त्यांचा धंदाच मुळीं हा पुसण्याचा.

दुसरे दिवशीं स्वारी कोटाचे दरवाजास पोंचली आणि पहारेकऱ्यानें कागद पाहून प्रेमानें पुसलें, "आजी, कुठे निघालात?" जाहलें! बाईसाहेब जागच्या जागीं थिजल्या. "थांबा जावईबापू. विचारलं मेल्यानं," ऐसें बोलून सामानाच्या ढकलगाडीवरच बसल्या, आणि आम्हीं बाटली दिली, आणि त्या घोट घेऊन उठल्या. मग सामान देण्याचे जागीं गेलों, तेथील मुलानें तेंच पुसलें, आणि बाईसाहेब वजनकाट्यावर बसल्या, आणि काट्यानें त्यांचें वजन सर्व रांगेस दाखविलें. मग झडतीची चौकी आली. तेथें एका बाईनें अंगावरून यंत्र फिरवीत सहज पुसलें, "कुठं चाललात मावशी?" मग पुन्हां बैठक. तेव्हां मात्र आमचा संयम सुटला आणि आम्ही बोलून गेलों, "आई, ही माणसं अपशकुन करत नाहीत, नोकरी करतात! विमान सुटेल!" बाईसाहेब खालीं मान घालून म्हणाल्या, "कळतंय मला. पण माझं काय व्हायचंय आता? तिकडं यमूला कापणारेत उद्या. मी असं अपशकुनानं पोचले आणि तिचं काही बरंवाईट झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?" आम्हांस आपल्याच बोलण्याची लाज वाटली आणि आम्हीं बाटलीचें झाकण उघडून दिलें.

मग अखेरची हांक जाहली, आणि भोंग्यांतून बाईसाहेबांचें नांव तीन प्रकारें चुकीचें पुकारलें गेलें, आणि आम्ही धांवत पुढें होऊन विमानाकडे सोडणाऱ्या दारावरील मुलीस, जिच्या छातीवर मृणाल ऐसें नांव होतें, हात जोडले कीं, "बाई, त्यांना काहीही विचारा, पण कुठे जाता ते विचारू नका." ती शहाणी पोर. म्हणाली, "आमच्याकडे दहीसाखर हातावर घातल्याशिवाय परीक्षेलासुद्धा सोडत नाहीत. पाठवा त्यांना." आणि तिनें कागद फाडून मुकाट्यानें हातांत दिला. फत्ते जाहली ऐसें समजून आम्ही विमानाकडील बोगद्यांत शिरलों, तों मागून गळ्यांत उशी अडकविलेले एक गृहस्थ आले, आणि मोठ्या लोभानें म्हणाले, "काय काकू, कुठे निघालात?" अरे गृहस्था! एकाच विमानांत चढतोस, तूं तरी दुसरीकडे कोठें उतरणार होतास! बाईसाहेबांनीं बोगद्यांत फतकल मारली. बाटली रिकामी. मागें माणसें तुंबलीं. मग मृणाल स्वतः पाणी घेऊन आली, तें पिऊन बाईसाहेब उठल्या, आणि आम्ही एकदांचे आंत पडलों.

विमान हाललें, आणि बाईसाहेबांनीं आमचें मनगट ऐसें धरिलें कीं नखांचे वण अद्यापि आहेत. मग विमान चालत चालत मैदानाचे टोंकास गेलें आणि तेथें उभें राहिलें, तें उभेंच. बाईसाहेबांनीं पुसलें, "का थांबलं हो?" पुढें गर्दी असते, परवानगी लागते, हें सर्व सांगण्याची आम्हांस शक्ति उरली नव्हती. आम्ही म्हणालों, "कुणीतरी विचारलं असेल त्याला." त्यावर बाईसाहेबांनीं मनगट सोडलें. म्हणाल्या, "मग बसू दे थोडं. शहाणं आहे." आणि विमान उडालें, आणि त्या खिडकींतून खालीं पाहात राहिल्या, आणि मग आमच्या खांद्यावर झोंपल्या. खांदा बधिर जाहला, तो हालवितां आला नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं इस्पितळांत पोंचलों, तों यमुनाबाईंस चाकांच्या खाटेवरून नेत होते. बाईसाहेब धांवल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलें, "अगं यमू, कुठं नेतायत तुला?" बोलल्या आणि जीभ चावली. वाटभर जें टाळीत आल्या, तें स्वतःच पुसून बसल्या. यमुनाबाईंनीं खाटेचा कठडा धरिला आणि म्हणाल्या, "अक्का, तूच विचारलंस? मग मी नाही जायची." बाईसाहेबांनीं बहिणीसाठीं पाणी मागितलें, तों परिचारिका म्हणाली, शस्त्रक्रियेआधीं पाण्याचा थेंब चालणार नाहीं. तेव्हां आम्हीं, ज्यांचा या नेमावर काडीचा विश्वास नाहीं, कोपऱ्यांतील खुर्ची ओढिली, बाटली काढिली आणि म्हणालों, "आई, बसा. त्यांच्या वाटणीचं तुम्ही प्या." डॉक्टरांनीं घड्याळाकडे पाहिलें, मग आमच्याकडे, आणि खाट थांबविली. बाईसाहेब बसल्या, बहिणीचा हात हातांत घेतला, घोटभर पाणी प्याल्या. यमुनाबाई त्या घोटाकडे पाहात होत्या. मग कठडा सोडून म्हणाल्या, "बरं. येते गं अक्का."

आणि सायंकाळीं आल्या.

येणेंप्रमाणें हकीकत. काकूंस सांगणें कीं कापूस, सुपारी कांहीं नको. घाबरलें माणूस बसूं म्हणालें तर बसूं द्यावें, इतकाच उपदेश. सेवक पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन दरवाजाशीं हजर राहील. रजा अद्यापि शिल्लक नाहीं. लेखनसीमा.