सफेद्याला लाल झेंडी

आमचे शेजारी दत्तूकाका झाडाकडे पाठ करून उभे राहत नाहीत. गावातल्या लक्ष्मी ताल नावाच्या तलावाच्या रस्त्यानं जाताना नाकाला गमछा लावून कडुलिंबाला वळसा घालतात आणि मला हळूच सांगतात, "दिसतो गरीब, पण आहे आतल्या गाठीचा."

काका रेल्वेत गार्ड होते. उभा जन्म संशय घेण्यात गेला. निवृत्तीनंतर माणसं पुरेनात, म्हणून झाडांवर घसरले. निमित्त पेपरातल्या एका बातमीचं. झाडंही हवेत वायू सोडतात. त्यांना गाड्यांचा धूर आणि कडक ऊन मिळालं की ओझोन तयार होतो, आणि जमिनीलगतचा ओझोन छातीला वाईट. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, म्हणून काका पेपर घेऊन तडक माझ्याकडे. बातमी खरी आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "आणि सफेदा?" त्यांनी विचारलं. आमच्या हिंदी मुलखात निलगिरीला सफेदा म्हणतात. तो जरा जास्तच सोडतो, मी सांगून बसलो.

झालं! काकांच्या खिडकीशीच सफेदा. त्याच्या सावलीत टेम्पोवाले इंजिन चालू ठेवून सवाऱ्यांची वाट बघत. दुसऱ्या दुपारपासून काका नोकरीतली लाल झेंडी घेऊन तिथे हजर. "भैया, इंजन बंद करो, नहीं तो आगे बढ़ो." टेम्पोवाले हसत, पण निमूट गाडी काढत. रेल्वेच्या गावात लाल झेंडीला अजून मान आहे.

एकदा मी वैतागून म्हटलं, एवढा संशय आहे तर तोडून टाका की एकदाचा.

काकांनी झेंडी खाली घेतली. मग म्हणाले, "तुझ्या काकूला दमा होता. निलगिरीचा वास छातीला बरा, असं कुणीसं म्हणालं, म्हणून मीच लावला तिच्या खिडकीशी. दुपारभर खिडकी उघडी ठेवायचो."

काका झेंडी गुंडाळू लागले.

"झाड एकटं काही करत नाही ना? धूर लागतोच ना?"

"लागतोच."

"मग ती होती तेव्हा इथे टेम्पो कुठे होते? आठवतं तुला?"

चांगलं आठवत होतं. टेम्पो तेव्हाही इथेच उभे राहत. काकू त्याच खिडकीतून त्यांना पाणी द्यायच्या.

"एकही नव्हता, काका."

कडुलिंबाला न्याहाळावं तसं त्यांनी मला न्याहाळलं. बराच वेळ.

"हो," ते म्हणाले, "नव्हताच." आणि सफेद्याला पाठ टेकून खाली बसले.